पहिला गिलास

"तू पे आधी. तुमच्याच वाड्याच्या हापशीचं पाणी हाये," पाटील म्हणाले आणि भरलेला गिलास माझ्यापुढे धरला.

हापशीच्या पाण्याला वास येतो अशी ओरड झाली, म्हणून ग्रामपंचायतीसमोर सभा होती. गॅस काढणाऱ्या कंपनीचे साहेब आले होते. त्यांच्यापुढे सीलबंद बाटल्या. त्यांच्या शेजारी एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर मी. आमच्या गावात बौद्धवाड्याच्या हातचं पाणी आजही कोणी घेत नाही. लग्नात आमच्या पंगतीला ड्रम वेगळा. आणि इथे पाटील स्वतःच्या हाताने मला पाणी देत होते, तेही सगळ्यांच्या आधी. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. गटागटा प्यालो. फोटो निघाला, टाळ्या पडल्या. माझ्यानंतर मात्र त्या पाण्याला कोणी हात लावला नाही. साहेबांनी बाटल्या उघडल्या.

माणूस पुढे करून विष आहे की नाही ते बघत होते, आणि मी त्याला मान समजलो.

किन्हीराजापासून जवळच आमचं गाव. वरच्या अंगाला पाटलांच्या वावरात कंपनीने गॅससाठी खोल भोक पाडलं होतं. वाळू आणि औषधं घातलेलं पाणी भयंकर दाबाने आत सोडायचं, खालचा काळा दगड फोडायचा, की गॅस मोकळा होतो. परत वर येणारं घाण पाणी खड्ड्यात साठवत. तो खड्डा आमच्या वाड्याच्या डोक्यावर. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून खड्ड्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकला ठिगळं लावायचं काम माझं. ते कुठे कुठे फाटतं, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

काम बरं होतं, हेही सांगतो. रस्ता डांबरी झाला. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला न जाता इथे आली. माझ्या पोरीचं नर्सिंग त्याच मजुरीवर चाललं होतं. म्हणूनच तोंड बंद होतं माझं.

सभेनंतर घरातली भांडी वाजू लागली. मशीन दाब द्यायचं तेव्हा फळीवरचे डबे थरथरायचे. हापशीतून पाण्याआधी वारा यायला लागला. हापसणं थांबवलं तरी आत काहीतरी सूं करत राहायचं. बादलीतले बुडबुडे विरेनात. बायकोच्या हातांची सालं निघाली. भावाची लहान पोरगी उलट्या करून करून निपचित पडली. तिला वाशीमला नेलं. डॉक्टरने आधी पाणी कुठलं ते विचारलं आणि म्हणाला, आजपासून ते बंद.

घरी आलो आणि बायकोवर ओरडलो. "वास येत होता तं पेली काहून?"

तिने सोललेले हात माझ्यापुढे धरले. "तुमी पेले म्हणून. पुऱ्या वाड्यानं तुमाले पाहून पेलं."

मला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली. आयुष्यभर इतरांनी लाजवलं, पण ही लाज माझी स्वतःची होती.

पुढच्या आठवड्यात पाटलांनी मला बोलावलं. साहेब एक कागद घेऊन बसले होते. या हापशीचं पाणी मी रोज पितो, मला काही त्रास नाही, असं त्यावर छापलेलं. खाली माझं नाव. कंपनीला आता रिठदकडे दुसरं भोक पाडायचं होतं. तिकडच्या लोकांना दाखवायला माझी सही हवी होती. साहेब म्हणाले, सही केलीस तर वॉचमनची पक्की नोकरी.

पोरीची दोन वर्षं बाकी होती. तरी पेन खाली ठेवलं.

"मी नाही करत सही."

"काहून?" पाटील उठून उभे राहिले. "पुऱ्या गावासमोर खुर्ची देली तुले. इसरला?"

"नाही इसरलो. म्हणूनच नाही करत."

"उद्यापासून कामावर येऊ नको मंग."

"आमी पाणी पेणार कुठचं, ते सांगा आधी." साहेबांनी कागद फाईलमध्ये घातला, जणू मी तिथे नव्हतोच.

आता काम नाही. पोरगी म्हणते, शिक्षण सोडते. तिला सोडू देणार नाही, मिळेल ती मजुरी करीन. वाड्यातले काही जण अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

सोमवारी रिठदकडच्या त्या गावात सभा आहे. मला कोणी बोलावलेलं नाही. मी जाणार. खाली बसणार नाही, उभा राहूनच बोलणार. कोणत्या जागी प्लॅस्टिक फाटत होतं, कोणत्या दिवशी मी गप्प राहिलो, सगळं सांगणार. लोक अंगावर आले तरी थांबणार नाही. आधी माझा गुन्हा सांगीन. मग पाटलांचा आणि कंपनीचा.