चिंचेने घासलेले ग्रोशेन

बाहेर ग्रॅहम गाडी पार्क करत होता आणि माझ्या काउंटरवर जोशीकाकूंनी उघडलेल्या डब्यातली नाणी लखलखत होती.

"काकू, पॉलिश लावू नका असं मी सांगितलं होतं."

"अरे, पॉलिश कुठे लावलं? नुसती चिंच. कुणाला वस्तू द्यायची तर घासूनपुसून द्यावी ना."

काकू आमच्याच शहरातल्या, माउंट रॉस्किल भागातल्या. जुन्या जर्मन संस्थानांची ही नाणी काकांनी हयातभर जमवली होती. तेव्हा तिथला प्रत्येक राजा आपापलं नाणं पाडायचा. ग्रोशेन म्हणजे त्यातलं छोटं, पातळ चांदीचं नाणं. चांदी कमी पडली की आत तांबं आणि वर चांदीची नुसती साय. शेकडो वर्षांत ती काळवंडते. त्या काळेपणाला टोनिंग म्हणतात आणि गिऱ्हाईक त्याचेच पैसे देतं. काकूंनी तो काढलाच, वर काही नाण्यांची साय घासून आतलं तांबडंही दाखवलं.

ग्रॅहम मोठ्या ऑक्शन हाउसचा मॅनेजर. सँडरिंगहॅमला मी दुकान टाकलं तेव्हा, "मोडीचं सोनं घेणाऱ्यांचा माल आमच्या कॅटलॉगमध्ये येत नाही," म्हणून त्याने मला दारातून परत पाठवलं होतं. मी ते विसरलेलो नाही. आज या नाण्यांचे फोटो बघून तो आपणहून आला होता. काकू वेलिंग्टनला मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. जाताना हातात स्वतःचे पैसे हवेत, एवढंच त्यांचं म्हणणं.

माझं डोकं तापलं होतं. पण काकूंवर ओरडून चांदी परत चढणार नव्हती.

ग्रॅहमने भिंग काढायच्या आत मी बोललो, "नाणी घासलेली आहेत. फोटो आधीचे आहेत." दोष आपणच आधी सांगावा. समोरच्याला सापडला तर तो दुप्पट वसूल करतो.

त्याने एकेक नाणं कडेने धरून पाहिलं.

"ही तळातली तशीच कशी राहिली?"

मी काकूंकडे पाहिलं.

"चिंच संपली," काकू म्हणाल्या. मी भाषांतर केलं नाही.

"तळातली घेतो. बाकीची नकोत, मेट."

"सगळी एका लॉटमध्ये, माझ्या दुकानाच्या नावाने. नाहीतर एकही नाही." मी झाकण लावलं. काकूंचा चेहरा उतरला.

तो दारापर्यंत गेला. मी काच पुसत राहिलो. तो दार धरून थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

"ठीक आहे. पण जे आहे ते छापणार."

कॅटलॉग आला. त्यात माझ्या दुकानाचं नाव पहिल्यांदा छापून आलं, आणि लगेच खाली 'हार्शली क्लीन्ड', म्हणजे खरवडून साफ केलेली. काकूंना मिळायला हवे होते त्यापेक्षा बरेच कमी मिळाले, पण मुलापुढे हात न पसरता त्या वेलिंग्टनला गेल्या.

हल्ली मराठी घरातून फोन आला की 'पॉलिश नको' एवढ्यावर मी थांबत नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, सगळ्यांची नावं घेतो. किमतीचं बोलणं त्यानंतर.