एकदाच दाबलं

बिबवेवाडीतल्या एका मशिनांची इलेक्ट्रिक पॅनेलं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी तेव्हा नोकरीला होते. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि पाय संध्याकाळपर्यंत सुजलेले. माझ्या बरोबरीच्या मुली कॉम्प्युटरचे क्लास लावून अमेरिकेच्या गप्पा मारायला लागल्या होत्या. मी मात्र या कारखान्यातून त्या कारखान्यात, पत्र्याच्या कपाटांत डोकं खुपसून वायरी ओढत होते. बाजार खुला झाला होता, बाहेरचा माल येत होता, त्याच्यापुढे टिकायचं म्हणून जो तो आपली जुनी मशिनं पीएलसीवर घ्यायला निघाला होता. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, एवढंच समजा. आमच्याकडे कामाचा नुसता रगाडा. त्यात घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं हडपसरच्या एका ग्रीसच्या कारखान्याचं काम आलं. त्याच कारखान्यात माझे वडील ऑपरेटर होते.

"म्हणजे तुमचं घरचंच कार्य की," आमचे मालक म्हणाले. "डबासुद्धा दोघांत एकच न्या." त्यांना विनोदाची खोड होती आणि पगारवाढीची ॲलर्जी.

वडील माझ्या जन्माच्या आधीपासून तिथे होते. रिकामा डबा नळीखाली ठेवायचा, बटण दाबायचं, ग्रीस पडलं की डबा पुढे सरकवायचा. आयुष्यभर हेच. त्या वर्षी कारखान्याच्या फळ्यावर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली होती. स्वेच्छा कारखान्याची आणि निवृत्ती कामगाराची, असं वडील म्हणायचे. त्यांना जायचं नव्हतं. थोडीच वर्षं उरली होती, ती त्यांना मशीनपाशीच काढायची होती. मांजरी गावातल्या घरी बसून उसाकडे किती वेळ बघणार? पण ज्याच्या कामात खोट निघेल त्याला आधी घरी धाडणार, हे सगळ्या शेडला ठाऊक होतं.

कारखान्यात ते मला मॅडम म्हणायचे. "मॅडम, चहा घेणार का आपण?" असं सगळ्यांदेखत. बाकीचे हसायचे, तेही हसायचे. मला ते आवडायचं आणि थोडं अवघडायलाही व्हायचं.

जुनं पॅनेल उसवण्यातच माझा जीव गेला. आत रिलेंची, म्हणजे आपोआप खटखटणाऱ्या स्विचांची रांग, त्यांच्यावर वर्षानुवर्षांच्या ग्रीसचा लेप, वायरींचे रंग सगळे एकच झालेले. ते काढून मी नवा पीएलसी बसवला आणि त्याच्या शेजारी इनपुट मॉड्यूल. या मॉड्यूलचं काम सोपं. बटण दाबलं गेलं का? डबा जागेवर आहे का? ग्रीस ढकलणारा पिस्टन वर आहे का? प्रत्येक प्रश्नाची एकेक वायर त्यात येते आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. हो असलं की त्या वायरीचा बारीक तांबडा दिवा लागतो. मधलं काही त्याला समजत नाही. सगळं जोडून मी सप्लाय चालू केला तर एकही दिवा लागेना. कमरेत वाकून, मान वर करून, एकेक वायर तपासत गेले. सगळ्यांना मिळून लागणारी जी एक कॉमन वायर असते, तिचाच स्क्रू मी आवळला नव्हता. स्वतःला चार शिव्या घातल्या आणि आवळला. आनंद वगैरे काही झाला नाही, तेवढं त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ट्रायल. मशीनच्या एका दाबाला अर्धा किलो ग्रीस पडायचं. एक किलोच्या डब्याला दोनदा दाबायचं, दोन किलोच्या डब्याला चारदा. जुन्या पॅनेलमध्ये पिस्टन खाली जाऊन परत येईपर्यंत बटण कितीही दाबा, मशीन ढिम्म. प्रत्येक वेळी थांबावं लागायचं. नव्यात ती कटकट नव्हती. चारदा भराभर दाबून मोकळं व्हा, पीएलसी दाब मोजून तेवढं ग्रीस टाकेल. वेळ वाचेल, म्हणून प्रॉडक्शन मॅनेजरांनी मुद्दाम मागून घेतलं होतं.

वडिलांनी अर्ध्या किलोचा डबा ठेवला आणि बटण दाबलं. ग्रीस पडलं. पिस्टन वर आला, आणि पुन्हा खाली गेला. डबा भरून वाहिला, टेबलावर पिवळा ढीग झाला.

"अहो मॅडम," मॅनेजर शांतपणे म्हणाले, "ग्रीस आम्ही विकतो. वाटत नाही."

"दोनदा दाबलं गेलं का?" मी वडिलांना विचारलं.

"न्हाई. एकदाच दाबलं."

मॅनेजरांनी स्वतः डबा ठेवून दाबलं. अर्धा किलो, बरोबर. पुन्हा दाबलं, बरोबर. मग वडिलांनी दाबलं. ढीग.

"नाचता येईना अंगण वाकडं," मॅनेजर म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. बहुतेक दोघांनाही. तेवढ्यात ऑफिसमधून फोनचं बोलावणं आलं आणि ते गेले.

मी पॅनेलचं दार उघडून आत बघत उभी राहिले आणि वडिलांना म्हटलं, "दाबा." बटणाचा तांबडा दिवा लागला, विझला, लागला, विझला. "पुन्हा दाबा." दिवा लागला, विझला, लागला, विझला, पुन्हा लागला. मला वाटलं वायर ढिली असेल. वायर ओढून पाहिली, घट्ट होती. "एकदाच दाबा ना, बाबा!" मी खेकसले. दोन दिवसांचा शिणवटा होता तो. "एकदाच दाबतोय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. म्हणून मी दाराआडून डोकं बाहेर काढलं.

त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं धरलं होतं. धरूनसुद्धा बोट बटणावर थरथरत होतं.

मला आधी राग आला. बटणाचा नाही, मॅनेजरांचा नाही, वडिलांचा. मग बशीतला चहा त्यांनी कधी सोडला, पेल्यातून का घ्यायला लागले, बटणांच्या सदऱ्याऐवजी बनियनवर का फिरतात घरात, हे सगळं तिथे उभ्याउभ्या उमगलं. जुनं पॅनेल आळशी होतं. एकदा ऐकलं की पुढचं ऐकायचंच नाही. त्याच्या आळसात वडिलांचा हात लपून राहिला होता. मी बसवलेलं मॉड्यूल मात्र प्रत्येक थरथर इमानदारीनं मोजत होतं.

वडिलांनी फडकं घेतलं आणि टेबलावरचं ग्रीस पुसायला लागले.

मॅनेजर परत आले. "काय निघालं?"

"बटणाचा ठोका उसळतो, एका दाबाचे दोन होतात," मी म्हटलं. "नवं बटण नाजूक असतं."

"मग माझ्या हातानं नाही उसळला?"

"आपण साहेबी जोरानं दाबलंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांच्या पाठीकडे. "आणि उपाय?"

"एका दाबानंतर अर्ध्या सेकंदात दुसरा आला तर तो मोजायचा नाही, असं प्रोग्राममध्ये टाकते."

"स्पीड कमी होईल."

"अर्ध्या सेकंदानं काही बाहेरच्या कंपन्या पुढे जाणार नाहीत, साहेब."

"त्या गेल्याच आहेत," ते म्हणाले. "टाका."

बटणं उसळतात हे खोटं नव्हे. सगळीकडेच उसळतात आणि सगळीकडेच त्यासाठी थोडी सवड ठेवतात. पण ती उसळी इतकी बारीक असते की डोळ्याला दिसत नाही. ही मी डोळ्यांनी पाहिली होती. प्रोग्राम बदलला. वडिलांनी डबा ठेवला, दाबलं, अर्धा किलो. पुन्हा अर्धा किलो. मॅनेजरांनी माझ्या कागदावर सही केली आणि वडिलांना म्हणाले, "चला, सुटलात." ते सहजच म्हणाले असतील. मला मात्र फळ्यावरची नोटीस आठवली.

संध्याकाळी दोघं एकाच बसनं घरी निघालो. खिडकीजवळची जागा मिळाली. वडील मांडीवर डब्याची पिशवी घेऊन बसले आणि दोन्ही हात तिच्याखाली. इतकी वर्षं ते असेच बसत असतील, किंवा नसतील. मला आठवेना.

"डॉक्टरला दाखवलं?" मी विचारलं.

"कंपनीच्या? म्हंजे उद्याच घरी."

"बाहेरच्या दाखवा. मी येते."

"बघू," ते म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

बस रिक्षांच्या आणि दुचाक्यांच्या गर्दीत अडकून पडली. मी इतकी दमले होते की भांडायचंही सुचेना. डोळे मिटून घेतले. बरंच पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "किती वेळ दिलास गं त्याला?"

"कशाला?"

"बटनाला."

"अर्धा सेकंद."

"एक कर."

"एक केला तर दुसऱ्या पाळीतले भराभर दाबतील ते मशीन मोजणारच नाही, बाबा. त्यांचे डबे कमी भरतील. साहेबांना कळेल."

त्यांनी मान हलवली. माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, माझ्याआधीच ठाऊकही असेल. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग हळूच, बसमधल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले,

"सकाळच्याला हात अर्ध्यात थांबत न्हाई, पोरी."