समुद्र पाहिलेले सर

मास्तर वर्गात आले की आधी खिडकीशी जात. उजव्या हाताचं बोट जिभेला लावत आणि खिडकीबाहेर उभं धरत. "वारा वाशिमाकडून हाये आज," असं काहीतरी म्हणत, मग टेबलाशी येऊन पुस्तक उघडत. "चला, निघू."

मॅट्रिकच्या वर्गातली बावीस पोरं बाकांवर सावरून बसत. आता खरंच कुठेतरी निघायचं आहे, असं त्यांच्या तोंडावर दिसे.

तुमच्याही शाळेत असा एखादा मास्तर असेल, ज्याला मास्तरच म्हणत. नव्याने आलेल्या माझ्यासारख्या पदवीधरांना मुलं 'सर' म्हणत, त्यांना 'मास्तर'. ते इंटरला नापास झालेले. शाळेत ड्रॉइंग, कवायत आणि कोणी रजेवर गेलं की त्याचा तास, एवढं त्यांच्याकडे असायचं. इंग्रजीचं एकच पुस्तक त्यांच्या वाट्याला आलं होतं. एका जुन्या समुद्रसफरीच्या कादंबरीची शाळेसाठी आखूड केलेली प्रत. परीक्षेत तिला फारसे गुण नव्हते, म्हणून कोणाला ती शिकवायची नसे. मास्तर अकरा वर्षं तीच शिकवत होते. दर गुरुवारचे ते दोन तास सोडले तर शाळेत त्यांना कोणी फारसं विचारत नसे.

गाव वाशिमजवळच्या मालेगावच्या रस्त्यावरचं. जिल्हा तेव्हा अकोला. आमच्यापासून समुद्र किती दूर, ते नकाशावर वीत लावून मोजावं लागे. शाळेतल्या एकाही मुलाने तो पाहिला नव्हता आणि मास्तरांनीही नाही.

म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली होती. कापूस भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, हेच जहाज. कापूस कसा चेपायचा, वरून दोर कसा ताणायचा, एका बाजूला भार गेला की बंडी कशी कलते, हे प्रत्येक पोराला ठाऊक. त्यावरून ते वादळातलं जहाज समजावत. एकेका पोराला जहाजावरचं काम वाटून दिलेलं. कप्तान, सुतार, आचारी, सुकाणूवरचा माणूस. ज्याचं काम त्याचे इंग्रजी शब्द त्याने पाठ करायचे, आणि पुस्तकात तो माणूस बोलू लागला की उभं राहून बोलायचं. आचारी झालेला पोरगा घरीही आईला इंग्रजीत तिखट-मीठ मागू लागला, तेव्हा त्याचा बाप शाळेत भेटायला आला होता. रागावून नाही. पोरगं खरंच इंग्रजी बोलतं का, हे विचारायला.

ज्वारी निसवून कणसं आली की मास्तर वर्ग घेऊन शाळेमागच्या शेतात जात. तेव्हाची ज्वारी पुरुषभर उंच. मधोमध पाखरं राखायचं मचाण. किसन नावाचा सगळ्यांत हलका पोरगा मचाणावर चढे, तो डोलकाठीवरचा टेहळ्या. वारा आला की सगळं शेत एका अंगाला लवे, मग दुसऱ्या. मास्तर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून मोठ्याने वाचत आणि वरून किसन ओरडे, "लँड! लँड!" खाली ज्वारीत बुडालेली पोरं टोप्या उडवत.

शेताचा मालक एकदा धावत आला. "मास्तर, समुद्र तुमचा असन, पन कनसं माही हायेत!"

"एक बी मोडलं नाई, पाटील," मास्तर म्हणाले. "माहे खलाशी लय शिस्तीचे हायेत."

मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी मधल्या सुट्टीत मास्तर माझ्याजवळ येऊन बसले. मी नागपूरला शिकलो हे त्यांना कळलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सर, तुमी मुंबईले गेलते काय कधी?"

मी गेलो नव्हतो. नागपूर सोडलं तर मी काही पाहिलंच नव्हतं. पण खोलीत इतर शिक्षक होते, मी चोवीस वर्षांचा होतो, नवा कोट घालून आलो होतो. "हो," म्हणालो.

"मंग समुद्र पाह्यला असन!"

"पाहिला ना."

एवढंच. माणूस बोलता बोलता जे बोलून जातो, तसलं ते खोटं होतं. मास्तरांनी मात्र माझा हात दोन्ही हातांत धरला. "आपल्या शिरपूरले देवळात मुंबईचे यात्रेकरू येतात," ते म्हणाले. "मी त्यायले गाठून गाठून विचारलं. ते म्हणतात, पानी असते, अजून काय. समुद्राजवळ राह्यतात, पन त्यायले पाहाता येत नाई, सर. तुमी शिकेल मानूस. तुमी सांगा."

त्या दिवसापासून दर बुधवारी, तासाच्या आदल्या दिवशी, ते पुस्तक घेऊन माझ्याकडे येत. समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिलेले असत. दुपारी समुद्राचं पाणी तापते काय? मी म्हणालो, तापतं, हात घालवत नाही. लाट दिसते आधी का आवाज येते आधी? आवाज. वाळूवर पाय ठेवला तं रुतते काय? गुडघ्यापर्यंत. माझ्या मनात जे येई ते मी सांगे, ते लिहून घेत.

एकदा त्यांनी विचारलं, "रातच्याले आवाज थांबते काय?"

"थांबतो."

ते गोंधळले. पुस्तक माझ्यापुढे धरलं. "पन इथं तं लिहिलं हाये, रातभर गरजत होता."

मी पुस्तकाकडे पाहिलं नाही. "तो त्यांच्याकडचा समुद्र. आपला थांबतो."

"असं हाये काय," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गातून मला त्यांचा आवाज ऐकू आला. "पोरंहो, मी तुमाले इतके दिवस चुकीचं सांगितलं. माफ करा. सरायनं पाह्यलं हाये." अकरा वर्षं बरोबर शिकवलेली एकेक गोष्ट ते माझ्या शब्दावर खोडत होते. मी माझ्या वर्गाला व्याकरण सांगत होतो. खडू हातातच राहिला. तरी पुढच्या बुधवारी मी परत उत्तरं दिली.

त्या वर्षी शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब आले ते नेमके गुरुवारी. मॅट्रिकचा वर्ग रिकामा. हेडमास्तर घामाघूम होऊन त्यांना शेताकडे घेऊन गेले, मला सोबत घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा किसन मचाणावर होता, आणि बाकीच्यांच्या नुसत्या टोप्या ज्वारीवर उडताना दिसत होत्या.

साहेबांनी दोन-चार पोरांना इंग्रजीत प्रश्न विचारले. सुकाणूवरच्या पोराने तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं वादळ सांगितलं. कप्तान काय म्हणाला, कोणता दोर तुटला, किती माणसं वाहून गेली. साहेबांना ते आवडलं असावं असं मला वाटतं. पण त्यांनी हसत विचारलं, "मास्तर, तुम्ही स्वतः समुद्र पाहिलाय का?"

"नाई, साहेब."

"मग हे काय शिकवताय?"

चेष्टाच होती ती. मास्तरांनी ती चेष्टा म्हणून घेतली नाही. त्यांनी टोपी काढली आणि खाली पाहिलं. "बराबर बोलले साहेब. मी पुस्तकातलंच सांगतो, अन् ते बी अर्धं चुकते. हे सर समुद्र पाहून आलेत. ह्या पुस्तकावर हक्क त्यायचाच हाये. मीच हेडमास्तरायले म्हणनार होतो."

साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "काय हो, पाहिलाय ना?"

धुऱ्यावर ऊन होतं. मास्तर माझ्याकडे पाहत होते, मोठ्या अभिमानाने. त्या क्षणी 'नाही' म्हटलं असतं तर मी हेडमास्तरांपुढे उघडा पडलो असतो, एवढीच किंमत होती. मी म्हणालो, "हो, साहेब."

सोमवारपासून ते पुस्तक माझ्याकडे आलं आणि मास्तरांना पाचवीची इंग्रजी मुळाक्षरं मिळाली. त्यांनी तक्रार केली नाही. उलट हेडमास्तरांची परवानगी काढून ते गुरुवारी माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसू लागले. आपली प्रत, पेन्सिल, मांडीवर टोपी. मुलांना ते कुजबुजून म्हणत, "आता खरं ऐका."

मी काय शिकवणार? मी शब्दार्थ लिहून दिले. कर्ता, कर्म, क्रियापद. शेतात गेलो नाही, मचाणावर कोणी चढलं नाही. तीन आठवडे आम्ही पहिल्या प्रकरणातच होतो. चौथ्या आठवड्यात किसनने हात वर केला. "सर, आपन आज बी बंदरातच हाओत काय?"

वर्ग हसला. मास्तरांनी त्याला दटावलं, "गप रे! सर बराबर वेळेवर नेतीन."

वादळाच्या प्रकरणावर आलो तेव्हा मी ते नुसतं वाचून दाखवलं. एकसुरी, खाली मान घालून. वाचून झालं, आणि मागून मास्तर उभे राहिले. विद्यार्थ्यासारखे, हात जोडून. "सर, एक इचारू काय? वादळ यायच्या आधी पान्याचा रंग कसा होते? तुमी पाह्यलं असन म्हणून म्हणतो."

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. त्या चेहऱ्यांवर पुष्कळ दिवसांनी काहीतरी ऐकायची ओढ दिसत होती. माझ्यापाशी सांगायला काही नव्हतं आणि ते त्यांना आता दिसेल अशी भीती मला वाटली. मी ओरडलो. मास्तरांवर, त्यांच्याच पोरांसमोर. "शिकायचं असेल तर गप्प बसून शिका. मधे मधे बोलून वर्ग बिघडवू नका. तुम्हाला आता हे पुस्तक शिकवायचं नाही."

मास्तर म्हणाले, "चुकलं माहं, सर." पुस्तक मिटलं, टोपी घातली आणि पाय न वाजवता बाहेर गेले.

पुढच्या गुरुवारी मागचा बाक रिकामा होता. त्यानंतर तो रिकामाच राहिला. बाहेर व्हरांड्यात गाठ पडली की ते बाजूला होऊन मला वाट देत आणि नमस्कार करत. त्यांच्या नमस्कारात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी माझी बदली अकोल्याला झाली. निरोप समारंभात मास्तरांनी माझ्या गळ्यात हार घातला. तेव्हा खरं सांगू, म्हणून मी ओठ उघडले होते. तेवढ्यात दुसरे कोणी हार घेऊन आले.

दोन वर्षांनी हेडमास्तरांच्या पत्रात शेवटी एक ओळ होती. मास्तर गेले. ताप आला होता, आठ दिवसांत आटोपलं. मी रजा टाकली आणि शिरपूरच्या बसमध्ये बसलो. त्यांचं घर शिरपूरच्या अलीकडे, फाट्यावर उतरून थोडं चालावं लागे. माती सारवलेल्या दोन खोल्या, पुढे ओटा. मास्तरांच्या पत्नीला, काकूंना, मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. घोंगडी टाकली, चहा ठेवला.

"तुमचं लय सांगत," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळेत समुद्र पाहेल मानूस आला, म्हणत. माहं नशीब म्हणत."

मी कप खाली ठेवला.

"त्यायचं पाहाचं राह्यलं," काकू म्हणाल्या. "दर साली म्हणत, औंदा जाऊ. तुमी तरी सांगा, सर. कसा असते?"

ज्याला सांगायचं होतं तो माणूस नव्हता. समोर ही बाई होती, आणि तिनेही तेच विचारलं. मी म्हणालो, "काकू, मी समुद्र पाहिलेला नाही. कधीच नाही."

त्यांना कळलं नाही. "मंग त्यायले कोनं सांगितलं?"

"मीच सांगितलं."

"लबाड सांगितलं?"

"हो."

काकू पदर बोटाला गुंडाळत राहिल्या. चुलीवरचं दूध वर आलं ते उठून त्यांनी उतरवलं, परत येऊन बसल्या. शिव्या देतील असं मला वाटलं, द्याव्यात असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "त्यायनं तुमच्यासाठी वर्ग सोडला."

"हो."

"घरी येऊन दोन दिवस जेवले नोते. मंग म्हणे, पोरायचं भलं झालं." त्यांनी दाराबाहेर पाहिलं. "हे इथं कोनाले सांगू नका, सर. लोक तुमाले नाई हसनार. त्यायले हसतीन."

मी मान हलवली. ते वचन मी पाळलं. आता काकूही राहिल्या नाहीत, म्हणून हे लिहितो आहे. नंतर कामासाठी दोनदा मुंबईला जाणं झालं. दोन्ही वेळा काम आटोपून स्टेशनवर परत आलो. समुद्राकडे गेलो नाही.

मी निघालो तशा काकू सोबत निघाल्या, फाट्यापर्यंत पोचवायला. राहू द्या म्हटलं तर ऐकलं नाही. वाटेत एका ओट्यावर चार बाया तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी परक्या माणसाकडे पाहून काकूंना खुणेने विचारलं, हे कोण.

काकू थांबल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. "हे मास्तरायचे सर," त्यांनी मोठ्याने सांगितलं. "हे समुद्र पाहून आलेत."

बायांचे हात थांबले. त्यांतली एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळू लागली. "लय मोठा असते काय, बाप्पा?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"हो, आजी," मी म्हणालो. "फार मोठा असतो."