केरबामामाचा वळीव

आमचा केरबामामा खंडाळ्याला एका बंगल्यावर तीस वर्सं व्हता. नावाला माळी, पन गेट उघडायचं त्यानं, गेलेली लाईट बघायची त्यानं, शेठचं कुत्रं सुदा फिरवायचं त्यानंच. घर त्याच रेल्वे लायनीवर, कान्ह्याच्या टेसनापासनं चालत अर्ध्या तासावर, म्हंजी लांब न्हाई. पन एप्रिल-मेमदी त्याला सुट्टी कदीच न्हाई. तवा सीझन. मुंबईची मान्सं यायची, बंगला भरायचा.

आन् वळीव बी तवाच यायचा.

वळीव आला का शेठची मंडळी समदी व्हरांड्यात. खुर्च्या वडून बसायची, चा-भजी चालायची, खाली दरीत वीज पडली का टाळ्या वाजवायची. केरबामामा आत. बंगल्याला बावीस खिडक्या, वारं सुटलं का एकेक लावत पळायचं. मागल्या खोलीतल्या खिडकीची कडी मोडकी, तिला वारं थांबस्तवर खांदा लावून हुबं ऱ्हायचं. तो सांगायचा, "तीस वर्सं मी वीज टाळ्यांवरनं वळखली. टाळी वाजली का समजायचं, पडली कुटंतरी."

हसत सांगायचा, पन त्याच्या मनात ते बसलं व्हतं. काम सोडून घरी आला तवा त्यानं घराला एकच गोष्ट नवी केली. उगवतीच्या अंगाला पडवी काडली. आपल्याकडं पावसाळ्याचं पानी मावळतीकडनं येतं, पन वळीव उलटा, उगवतीकडनं, उर्शाच्या अंगानं चढत येतो. म्हनून पडवीला म्होरं ना भिंत, ना झाप.

रतनमामी म्हनली, "अवं, निदान जाळी तरी बसवा. कुत्री शिरतील."

"शिरू दे. पन लावायला खिडकी नको मला हितं."

मामीचं समदं उलटं. तीस उन्हाळं ती एकटी पोरं घिऊन त्या घरात ऱ्हायली. संदेश पाळन्यात व्हता तवा एकदा दुपारचं वारं दारातनं आत घुसलं आन् पत्रं उचलून नेलं. पोराला पोटाखाली घिऊन ती जात्यापाशी ओनवी बसली, वरनं गारा पाठीवर. तवापासनं तिचं ठरलेलं. गडगडलं का अंगनात कोयता फेकायचा, दार लावायचं, खिडकी लावायची, मेन स्विच खाली, आरशावर लुगडं.

मामा चिडवायचा. "अगं, आपल्या म्हाताऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घिऊन समदं सोडलं, ह्यो कोयता तेवडा कुनी मागं ठिवला?"

"तुमी सोडा. तुमच्या डोक्यावरचं पत्रं न्हाईत उडालं."

"आभाळ काय तुझ्या कोयत्याला भितंय व्हय?"

"मी भिते ना. मला फेकू द्या."

नऊ उन्हाळं असं चाललं. तो बाहीर पडवीत मांडी घालून, ती आत कडी लावून, आन् दोघांचं बोलनं बंद दारातनं.

"रतन, आली बघ. पार वडगावापातुर फाटली."

"आत या."

"तू बाहीर ये. एकदा बघून तर जा."

"मी हितं बरी. चा पायजे तर फळीखालनं सरकवू का?"

तो हसायचा. दार मातर तिनं कदी उघडलं न्हाई.

औंदा मार्चमदी सकाळी तोंड धुताना मामा पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात बारा दिस ठिवला. मंग डॉक्टर संदेशला बाजूला घिऊन म्हनले, घरी न्या, सेवा करा. घरी आनून मदल्या खोलीत लोखंडी खाटंवर घातला. पडवीत ठिवायचं जमंना, पत्रा तापायचा, माशा बसायच्या, आन् धरल्याबिगर मान ठरत नव्हती.

त्याला काय पायजे ते मामीला बरूबर कळायचं. डावा हात दाराकडं उचलला का ती म्हनायची, "वळीव ना? येऊ दे की. सारिका आन् मी दोघी उचलतो आन् बसवतो बाहीर. सबूद दिला तुमाला." सारिका म्हंजी संदेशची बायकू. ते आईकलं का मामा हात खाली ठिवायचा.

एप्रिल कोरडा गेला. रोज दुपारी आभाळ यायचं, नुसतं गदगदायचं आन् सरकून जायचं. मामाचं खानं चमच्यावर आलं. घरात समद्यांचं ध्यान उगवतीकडं लागलं, कारन हे फार दिस चालनार न्हाई ते दिसतच व्हतं.

मे म्हयन्यात एका दिवशी चारच्या सुमाराला आला. संदेश कंपनीत, सारिका कामशेतला बाजाराला गेलती. अंगनात कुरडया वाळत घातलेल्या. एकदम धूळ उठली, मामी धावली, कुरडया लुगड्यात भरल्या, गोवऱ्यांवर कागद टाकला. तेवड्यात डोक्यावर कडाडलं. आन् मंग तिच्या हातांनी नेहमीचं केलं. कोयता फेकला. दार लावलं, कडी घातली. खिडकी लावली. मेन स्विच पाडला, आरसा झाकला. इचार असा काय केलाच न्हाई.

अंधारात मामा खाटंच्या दांडीवर डावा हात आपटाया लागला. धप, धप, धप.

मामीला वाटलं, भ्याला. आजारी मानूस ल्हान पोरासारखा व्हतो. ती खाटंवर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, कानावरनं गोधडी वडली. "भ्यायचं न्हाई. मी हाय की. दार घट लावलंय." त्यो हात थांबंना तवा तिनं दोन्ही हातांनी धरून छातीशी दाबून ठिवला. तो घशातनं वरडत व्हता. पत्र्यावर गारांचा आवाज यवडा, का तिला धड आईकू बी आलं न्हाई.

अर्धा तास तिनं तो हात सोडला न्हाई.

समदं थांबल्यावर दार उघडलं. अंगनात गारा, लिंबाची फांदी मोडून पडलेली, आन् उगवतीकडं आभाळ धुतल्यावानी मोकळं. तितं उंबऱ्यात हुबी ऱ्हायल्यावर तिला आठवलं.

आत आली तर मामा भिंतीकडं तोंड करून पडलेला. "अवं," ती म्हनली. "अवं, हिकडं बघा." त्यानं बघितलं न्हाई. तिनं खाट वडली. खाट दारातनं निघंना, चौकट आडवी आली. मंग तिनं त्याला काखंत धरून उठवला, पाठीला स्वताचं अंग लावलं आन् दाराकडं तोंड करून तशीच बसली. पडवीच्या पत्र्यावरनं पानी गळत व्हतं, तेवडंच. त्यानं जरा येळ बघितलं आन् डोळं मिटलं.

तशात सारिका आली, भिजलेली, हातात पिशव्या. "बसवलं व्हय बाबांना? बघितला वळीव?" मामी पदरानं त्याचं तोंड पुसत ऱ्हायली. सारिकानं तितंच संदेशला फोन लावला, "बाबांनी बघितला बरं का."

सहा दिस मामा जगला. त्या सहा दिसात ढगाचा तुकडा आला न्हाई.

पुन्यानुमोदनाला घराम्होरं मांडव घातलता. एकेक जन उठून मामाबद्दल बोलला. शेवटाला संदेश माईकवर आला. "बाबांनी आयुष्यभर काय मागितलं न्हाई," तो म्हनला. "यवडीच इच्छा व्हती, का घरी बसून वळीव बघायचा. जाताना ती बी पुरी झाली." बायकांनी डोळं पुसलं. एक म्हातारा म्हनला, नशीबवान मानूस.

मामी पांढरं लुगडं नेसून फोटोजवळ बसलीवती. बसल्या जागीच म्हनली, "न्हाई बघितला."

"आई, ऱ्हाऊ दे," संदेश म्हनला.

"न्हाई बघितला त्यांनी. मी दार लावलं. ते हात आपटत व्हते, मी हात धरला. सारिका आली तवा समदं सरलंतं."

मामाची धाकटी भन शकुबाई उठून तिच्यापाशी आली, पाठीवर हात ठिवला. "वैनी, तुला काय कळनार गं त्या घाईत. घरात तू एकटीच व्हतीस."

"तीस वर्सं एकटी व्हते," मामी म्हनली. "त्या दिवशी न्हवते. ते व्हते की घरात."

बौद्धाचार्यांनी गाथा सुरू केली, समदी हात जोडून हुबी ऱ्हायली. मामी बसूनच व्हती. संदेशनं माईक खुर्चीवर ठिवला आन् तिच्याजवळ खाली जाऊन बसला.