कॅप्सूलची वही

डॉक्टरांनी मास्तरांना चष्मा काढायला लावला, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी आलेले पिवळट चट्टे अंगठ्याने चाचपून पाहिले आणि विचारलं, "तुमचे वडील कशाने गेले?" आम्ही छातीतल्या कळेसाठी आलो होतो. चढावर सायकल मारताना मास्तरांच्या छातीत दाटून यायचं. त्यात वडिलांचा काय संबंध, ते मला कळेना. मास्तर म्हणाले, कमी वयातच गेले, बसल्या जागी. डॉक्टरांनी मान हलवली आणि रक्ताची तपासणी लिहून दिली.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मास्तर म्हणजे माझे मिस्टर. आम्ही दोघंही सक्करदऱ्याजवळच्या एकाच शाळेत. ते हेडमास्तर, मी तिसरीच्या वर्गावर. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या घरातून शिकून नोकरीला लागलेले ते पहिले. सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीही.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल साडेतीनशेच्या वर. धरमपेठेतल्या त्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. कोलेस्टेरॉल हा रक्तातला मेणासारखा पदार्थ. शरीराला तो लागतोच, पण फार झाला की रक्तवाहिन्यांच्या आतून साचतो आणि वाट अरुंद करतो. डोळ्यांपाशी आलेले चट्टे म्हणजे झँथेलाझ्मा, तीही तीच चरबी. चढावर उठणारी कळ म्हणजे अँजायना, हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा येते. हे तुमच्या घराण्यातून आलेलं दिसतं, असंही ते म्हणाले. मी मात्र मनातल्या मनात रविवारच्या मटणाच्या तर्रीला शिव्या देत बसले होते.

आज मिळतात त्या स्टॅटिनच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. क्लोफायब्रेट नावाची कॅप्सूल होती, कोलेस्टेरॉल थोडंफार उतरवणारी. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एकेक. डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली. कॅप्सूल घेतली की तारखेपुढे खूण करायची आणि काही वेगळं वाटलं तर तेही लिहायचं. तीन महिन्यांनी वही आणि नवा रिपोर्ट घेऊन या, म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. सायकलवर टांग टाकताना चेहरा वाकडा व्हायचा. पोरांची कवायत घ्यायचे, तीही त्यांनी दुसऱ्या गुरुजींवर ढकललं. एके दिवशी कॅप्सूल विसरली, दुसऱ्या दिवशी मुद्दाम विसरली. आठवड्यात पाय हलके झाले. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगू या. तर मला म्हणाले, "काहून सांगाचं? येवढ्या मोठ्या माणसाच्या औषधाले आपण नाव ठेवाचं का? मास्तर असून गोळी गिळता येत नाही म्हणतीन."

मी हट्ट धरायला हवा होता. घरात माझं चालत नव्हतं असंही नाही. पण पाय दुखायचे थांबले होते, माणूस हसत होता, मी गप्प बसले.

तीन महिने भरत आले आणि आम्ही दोघं शिक्षकांसारखे वागलो. शाळेत इन्स्पेक्शन येणार म्हटलं की काय होतं, ते शिक्षकांना सांगायला नको. भिंतींना चुना, हुशार पोरं पुढच्या बाकावर, आणि महिनाभराचं राहून गेलेलं पाठांचं टाचण एका बैठकीत लिहून काढायचं. साहेब पाहतात, सही करतात, जातात. आम्हाला ती रक्ततपासणी साहेबासारखीच वाटली. तपासणीच्या आधी तीन आठवडे मास्तरांनी कॅप्सूल अगदी वेळेवर घेतल्या. मी तेल बंद केलं, फोडणीशिवायचं वरण आणि भाकरी. पाय दुखले तरी दातओठ आवळून ते दिवस काढले.

वही मी भरली. एका रविवारी दुपारी खाली बसून सगळ्या तारखांपुढे खुणा केल्या. काही निळ्या शाईने, काही काळ्या, दोनचार जागा रिकाम्या सोडल्या, म्हणजे खरं वाटेल. मास्तर शेजारी बसून मला चिडवत होते, की तुझं टाचण साहेबाने कधीच पकडलं नाही. आम्ही हसत होतो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी वही चाळली, असा पेशंट पाहिला नाही म्हणाले. औषध मानवतंय, हेच चालू ठेवा, आता तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी आलात तरी चालेल. मास्तर बाहेर आले ते पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखे. दुसऱ्या दिवसापासून कॅप्सूलचा डबा फडताळात गेला.

त्यानंतरच्या पाचव्या महिन्यात सकाळच्या प्रार्थनेत उभे असताना ते खाली बसले. घामाने सदरा भिजला. आम्ही त्यांना रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मायोकार्डियल इन्फार्क्शन, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा एक भाग रक्तावाचून मरून जाणं. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, कोणतं औषध चालू आहे, नियमित घेतात का. माझा हात सवयीने घरून मागवलेल्या कागदांच्या पिशवीत गेला. वही बाहेर काढली. खरंच काढली मी ती.

मास्तरांनी नाकावरची नळी बाजूला सारली. "वही नोको देऊ वं," ते म्हणाले. "खोटी हाये थे."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. त्याने नळी नीट बसवली आणि कागदावर लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर गेले.

महिन्याभराने मी ती वही घेऊन धरमपेठेत गेले आणि सगळं कबूल केलं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही शाया पाहिल्या आणि म्हणाले, "बाई, पाय दुखतात एवढं एक वाक्य हवं होतं मला. या औषधाने स्नायू दुखतात, ते मला माहीत आहे. थांबवलं असतं, कमी केलं असतं, काही दुसरं पाहिलं असतं." वाचले असते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तसं कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण आज स्टॅटिन घेत असाल. गोळी चांगली आहे, तिला घाबरू नका. पण अंग दुखलं, पाय गळाले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. दुसऱ्या कुठल्या दुखण्याची गोळी सुरू झाली तर तेही सांगा. रिपोर्ट चांगला आला म्हणून मनाने बंद करू नका, आणि तपासणीपुरते शहाणे होऊ नका. डॉक्टर म्हणजे इन्स्पेक्शनचा साहेब नव्हे. त्याला आपलं रोजचं मळकं घरच दाखवायचं असतं.

मास्तर गेले तेव्हा माझी लेक वैशाली दहा वर्षांची होती. चाळिशीच्या आत तिचाही रिपोर्ट तसाच आला आणि स्टॅटिन सुरू झाली. महिन्याभरात तिचा मनीषनगरहून फोन आला. "आई, कोणाले सांगू नको, पाय दुखून राह्यले म्हणून मी गोळी बंद केली." मी चहा तसाच टाकून ऑटो पकडला आणि तिला तिच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. तिला बोलायला लावलं, शब्द न शब्द. त्यांनी सीपीके तपासलं. स्नायूंना इजा झाली आहे का, ते त्या तपासणीतून कळतं. मग थोडे दिवस थांबून दुसरी स्टॅटिन दिली, कमी मात्रेची. ती तिला सोसली. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

मास्तर गेले तेव्हा सेहेचाळीसचे होते. गेल्या महिन्यात वैशालीला सत्तेचाळीस पूर्ण झाली. केक कापताना सगळे हसत होते. मी तिच्या कानाशी पिकलेले केस पाहत होते. मास्तरांचे पिकलेले मी कधी पाहिलेच नाहीत.