विमानाचं बलुतं

आमच्या आत्याचे यजमान आयुष्यात एकदाही विमानात बसले नाहीत, पण विमान त्यांच्याइतकं मन लावून साऱ्या हिंदुस्थानात कुणी चालवलं नसेल. चालवलं म्हणजे बेंबळीत, घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, उभं राहून, हातात लोखंडी हातोडा धरून. मी त्यांना आतोबा म्हणायचो. माझं ऐकून माझे विद्यार्थी म्हणायला लागले आणि विद्यार्थ्यांचं ऐकून पाटलांपासून सगळं गाव. बेंबळीच्या शाळेत मी तेव्हा नवाच मास्तर लागलो होतो आणि आत्याकडे राहायला होतो. निजामशाही जाऊन दोन-चार वर्षं झाली होती, आणि तिच्यामागोमाग आतोबांची नोकरीही गेली होती. उस्मानाबादच्या कचेरीत तासातासाला घंटा वाजवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. नवं राज्य आलं, नवा साहेब आला, त्यानं भिंतीवर घड्याळ लावलं आणि काटकसर म्हणून घंटेची जागा बरखास्त केली. "घड्याळ काय, कुणीबी बघतंय," आतोबा म्हणायचे, "घंटेला माणूस लागतो." निघताना त्यांनी साहेबाशी वाद घातला नाही, तक्रार केली नाही, फक्त हातोडा मागून घेतला.

आता नुसता हातोडा घेऊन माणूस घरी बसला तर शेजारपाजारच्यांनी काय समजायचं? पण आतोबांचं नशीब चांगलं. हैदराबादहून मुंबईला जाणारं एक विमान रोज दुपारच्या सुमाराला नेमकं बेंबळीच्या डोक्यावरून जायचं. आतोबांनी कुठूनसा रुळाचा तुकडा पैदा केला, माळवदावर वाकलेल्या कडुलिंबाच्या फांदीला टांगला, आणि विमान दिसलं रे दिसलं की बारा टोले ठोकायला सुरुवात केली. हळूहळू सगळं गाव त्या टोल्यांवर चालायला लागलं. मोटा सुटायच्या त्यावर, विहिरीवर पाण्याची पाळी बदलायची त्यावर, रानात भाकरीची गाठोडी सुटायची त्यावर, आणि आमच्या हेडमास्तरांचं घड्याळ कायमचं आजारी असल्यामुळे शाळेची सुट्टीही त्यावरच. विमानाला उशीर झाला की बेंबळीत बारा उशिरा वाजायचे. एकदा तर ते आलंच नाही. झालं! त्या दिवशी बेंबळीत बारा वाजलेच नाहीत. पोरं वर्गात भुकेनं कळवळायला लागली तसा मी घरी धावलो आणि म्हणालो, "आतोबा, अहो सावली बघा आणि वाजवून टाका एकदाचे." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच कचेरीतून घंटा चोरून आणली होती. "सावलीला काय कळतंय रे? ती हितंच पडून असती. विमान हैदराबादहून येतंय!" कप्पाळ!

विमानामुळे खरे हाल झाले ते आत्याचे. वरून वैमानिकाला आपलं घर दिसतं, आणि दिसतं तर तो बघतोच, अशी आतोबांची पक्की समजूत. त्यामुळे माळवदावर फाटकी गोधडी वाळत घालायची नाही, जुनं लुगडं तर मुळीच नाही. "लोक मुंबईला चाललेत, त्यांनी काय आपली लक्तरं बघत जावं?" मिरच्या मात्र चालायच्या, पण त्या नीट चौकोनात, कडेला रेघ मारल्यासारख्या, म्हणजे बेंबळी आली हे वैमानिकाला लांबूनच ओळखू यावं. दिवाळीला माळवद सारवून त्यावर बैलगाडीएवढी रांगोळी. आत्या कमरेवर हात ठेवून मला म्हणायची, "अरे, माझ्या माहेरची माणसं आली तर हे दारात झाडू मारायचे न्हाईत, अन् त्या उडत्या माणसासाठी बघ!" एकदा ढग चुकवताना की काय कोण जाणे, विमान जरा एका अंगाला कललं. आतोबांनी तो मुजरा समजून उपरणं हलवलं आणि पुढं चार महिने, कुणी विचारो न विचारो, सांगत सुटले, "माणूस मोठा कदरदान हाय."

तर एके दिवशी सोलापूरहून एक दिवस शिळा येणारा पेपर मी नेहमीप्रमाणे त्यांना वाचून दाखवत होतो. आतोबांचं शिक्षण उर्दूतलं, मराठी अक्षरं त्यांच्या डोळ्यांना टोचायची. आत कोपऱ्यात बातमी होती. दिवस मंदीचे आहेत, विमानं निम्मी रिकामी उडतात, पेट्रोल महागलंय, म्हणून कंपनीनं वैमानिकांचे पगार कापायचं ठरवलंय, आणि हैदराबाद-मुंबई विमान आता सरळ न जाता चार उतारू जास्तीचे मिळावेत म्हणून औरंगाबादमार्गे जाणार. आतोबांनी ती बातमी मला पुन्हा वाचायला लावली. मग पुन्हा.

"औरंगाबादमार्गे म्हंजे? बेंबळीवरून न्हाय?"

"नाही."

"मग हितले बारा?"

 आतोबांना एक युक्ती सुचली, आणि मग रात्रीपर्यंत सुचतच राहिलं. पहिली युक्ती अशी की तुळजापूरचा घाट उतरताना मोटारवाले जसं पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करतात, तसं वैमानिकानं करावं. मी म्हटलं, "आतोबा, हवेत उतार कुठला?" तर म्हणाले, "चढलंय न्हवं ते? मग उतार असायलाच पायजे. मास्तर झालास अन् एवढं कळंना व्हय!" दुसरी युक्ती, उतारू कमी पडत असतील तर शेळ्या भराव्यात. पण पगाराची गोष्ट निघाली तसा त्यांचा आवाज बदलला. "उपाशी माणसाच्या हातात कुणी कासरा देतंय का? अन् हे विमान देणार! मार्ग बदलायचा म्हंजे काय, ते मला ठाऊक हाय. आज पगार कापतेत, उद्या म्हणतेत, तुझी जागाच न्हाय." एवढं बोलून ते उठले, हातोडा उशाशी घेतला आणि जेवले नाहीत.  मी हसत होतो इतका वेळ, त्याची लाज वाटली.

सकाळी मात्र आतोबा ताजेतवाने. उपाय सापडला होता. सुगीचे दिवस, रानात खळी लागलेली. सुतार, न्हावी, परीट वर्षभर गावाचं काम करतात आणि सुगीला खळ्यावर येऊन आपल्या वाट्याची ज्वारी, म्हणजे बलुतं, घेऊन जातात. मग वैमानिकानंच काय घोडं मारलंय? त्याला बेंबळीनं बलुतं द्यायचं! पगार कापला तर कापू द्या, घरात ज्वारी असली की माणूस मार्ग सोडत नाही. आतोबांनी चावडीवर गाव गोळा केलं आणि हे सगळं इतक्या गंभीरपणे मांडलं की सुरुवातीला कुणाची हसायची छाती झाली नाही.

शेवटी पाटील खाकरले. "देऊ की बलुतं. आमची ना न्हाय. पर न्हावी हजामत करतोय, सुतार नांगर भरतोय. ह्यो गडी गावाचं काय करतोय?"

"वेळ देतोय!" आतोबा म्हणाले.

"वेळ तर तुमी देताय."

"मी कोण? मी निस्ता वाजवणारा. त्यो आला तर मी वाजवतो."

मग व्हायचं तेच झालं. सगळी चावडी हसली, आणि हसत हसत सगळ्यांनी सुपानं ज्वारीही दिली. आमचं गाव असंच, थट्टा करील पण हात आखडणार नाही. आत्याच्या स्वयंपाकघरात ती साठवायला एक नवी कणगी आली, तिला आतोबांनी हळदीकुंकू वाहिलं. मी म्हटलं, "पण ही ज्वारी त्याला पोचवायची कशी?" तर ते चकितच झाले. "बलुतं कुणी घरपोच करतंय का? ज्याचं त्यानं येऊन न्यायचं असतंय." मग माझ्याकडून कंपनीला अर्ज गेला की वैमानिकानं सवडीनं बेंबळीच्या माळावर उतरावं, गुरं बाजूला घेण्यात येतील, येताना पोतं आणावं. कंपनीनं तो अर्ज वाचला की चौकटीत लावला, देव जाणे. उत्तर काही आलं नाही.

आणि मग विमानही येईना. आतोबा माळवदावर उभे राहिले, उपरणं डोळ्यांवर धरून. दिवस कलला. आत्यानं खालून दोनदा हाक मारली. शेवटी ते खाली आले, हातोडा कणगीमागं ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. न चिडणं, न बोलणं. असा माणूस घरात नको वाटतो हो! इकडे गावाचा पार चुथडा झालेला. विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून रोज भांडण, शाळेत पोरं वाटेल तेव्हा दप्तर उचलून चालू पडायची. एक दिवस विहिरीवरचे दोघं भाऊ भांडतच आमच्या दारात आले. दोघांच्याही हातात खोरी. 

"आतोबा, ते बारा वाजवा बरं तेवढे," थोरला म्हणाला. "न्हायतर आज मुडदे पडतेत."

आतोबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "कशावरनं वाजवू? विमान न्हाय."

"मनानं वाजवा की! विमान तरी कुठं येळंवर यायचं?"

आतोबा उठून बसले.  मग म्हणाले, "ते खरं हाय. त्याचं जरा ढिलंच होतं." आणि हातोडा घेऊन माळवदावर गेले. दुपार पार उलटून गेली होती, पण बारा टोले पडले आणि गाव जेवायला बसलं. आत्या चुलीपुढं डोळे पुसत होती आणि धुराला शिव्या देत होती.

पुढच्या सुगीला कुणी सांगितलं नाही, बोलावलं नाही, तरी खळ्याखळ्यावरून सुपं आली. "विमानाचं बलुतं" म्हणून लोक ज्वारी ओतून जायचे आणि आतोबांकडे न बघता जायचे. आतोबा सरकारी नोकरीतले, बलुतं घेणं त्यांच्या मानात बसणारं नव्हतं. "वैमानिकाचं हाय, मी निस्ता राखणदार," असं म्हणून त्यांनी कणगीला कुणाला हात लावू दिला नाही. म्हणजे तसं त्यांना वाटायचं. आत्या रोज त्यातूनच दळत होती. आम्ही तिघं त्या वैमानिकाच्याच भाकरी खात होतो आणि तिघांपैकी एकाला ते ठाऊक नव्हतं.

माझी मुरूमच्या शाळेत बदली झाली. पुढं दोन वर्षांनी बेंबळीला गेलो तेव्हा आतोबा फार थकले होते. दोन टोल्यांच्या मध्ये दम घ्यावा लागायचा, त्यामुळे बारा वाजायला बराच वेळ लागायचा. जेवायला बसलो आणि त्यांनी एकदम विचारलं, "व्हय रे, पेपरात काय आलं का? त्या गड्याचा पगार?"

"आलं ना," मी म्हणालो. माझं मलाच नवल वाटलं, इतकं चटकन ते खोटं तोंडी आलं. "सगळा परत मिळाला. वर बढतीही मिळाली."

"बरं झालं. लई बरं झालं." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की स्वतःची जागा परत मिळाली असती तरी पसरला नसता. मग ते आत्याकडे वळून म्हणाले, "आता ती ज्वारी त्याला कशाला लागती? आजपासनं त्यातलं दळत जा."

आत्यानं माझ्याकडे बघितलं, पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणता तर दळते."

आतोबांनी ताटातली भाकरी मोडली, घास तोंडात घातला आणि सावकाश चावत म्हणाले, "ही आपली जुनी ज्वारी हाय न्हवं? उद्या बघ, त्या कणगीतली लई गोड लागंल."