अक्काचे गुडघ्याचे पॅड

हे घरात कुणाला माहीत नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय.

धुळ्यात आमचं साड्यांचं दुकान आहे. चाळिशीत मला डोंगरातल्या सायकलिंगचा नाद लागला तो अक्कामुळे. अक्का शिरपूरची, शाळेत खेळ शिकवायची. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. दर रविवारी आम्ही दोघी सोनगीरजवळच्या खडकाळ उतारावर जायचो. गुडघ्यांना पॅड हवेत, असं ठरलं. टणक प्लास्टिकचे अक्काला नको होते, पायडल मारताना काचतात म्हणून. मग मी मऊ, गुडघ्याबरोबर वाकणारे मागवले. त्यांच्या आतली गादी हळू दाबली तर दबते, पण जोरात काही आदळलं की क्षणात घट्ट होते आणि मार स्वतः झेलते.

दोन जोड आले. शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कापड मोजायच्या लोखंडी गजाने मी एकेका पॅडवर जोरात मारून पाहिलं. पहिल्या जोडावरून गज उसळला. दुसऱ्यात — रुतला. पार खालच्या टेबलाला लागला. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. आत नुसता स्पंज होता.

मग मी काय केलं? परत पाठवले? अक्काला फोन करून म्हटलं, की या रविवारी नको? नाही. मला रविवार बुडवायचा नव्हता. पडायची भीतीही मलाच जास्त. चांगला जोड मी माझ्या पिशवीत टाकला, स्पंजवाला अक्कासाठी ठेवला.

सकाळी अक्काने पॅड चढवले, गुडघे वाकवून पाहिले. "दोन्ही जोड सारखेच ना गं?"

"हो अक्का, सारखेच."

तिसऱ्या वळणावर तिचं पुढचं चाक घसरलं. उजवा गुडघा थेट दगडावर. तो आवाज...

पण खरी हादरले ती नंतर. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची वाटी फुटलीय, ऑपरेशन करावं लागेल. अक्काने माझा हात धरला आणि त्यांना सांगितलं, "पॅड होतं म्हणून एवढ्यावर निभावलं. हिनेच निवडून दिलं." मग माझ्याकडे वळून, "रडू नको. बठ्ठं बराबर शे." सगळं ठीक आहे म्हणे.

तेव्हा तरी बोलायला नको होतं का? मी मान डोलावली. तिचं कौतुक — घेतलं मी! आणि "धुऊन आणते" म्हणून ते पॅड घेतले, ते वाटेतच कचऱ्यात टाकले. कुणी उसवून पाहू नये म्हणून. हे घाबरून नाही केलं. नीट विचार करून केलं.

तीन वर्षं झाली. अक्का पुन्हा सायकलवर बसली नाही. मी तिच्या घरी जाते तेव्हा ती कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मला घ्यायला खाली उतरते. वरूनच हाक मारली तरी चाललं असतं. पण ती येते, हसत. आणि मी खाली उभी राहून बघत असते.